मनातल्या मनात, तीन वेळा

माझ्या नवऱ्याने मला माफ केलंय, ही बातमी मला सोमवारी दुपारी सव्वातीनला कळली, आणि तीसुद्धा शेजारच्या नीलमबेनच्या सोबतीने. चौतीस वर्षं संसार केला, पण असा धक्का कधी बसला नव्हता. माफ? मला? अहो, पण कशाबद्दल?

थांबा, पहिल्यापासून सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई मुळातच तापट आहे. आहेच तापट. पण कारण तरी ऐकून घ्या.

आमचे हे, म्हणजे दशरथ, भाईंदरला स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रेसवर कामाला होते. एकतीस वर्षं, आणि त्यातली बहुतेक सगळी रात्रपाळी. पत्र्यावर धाडधाड प्रेस आपटायचा, त्यात हळूहळू ह्यांचे दोन्ही कान गेले. आता कानांत मशीन घालावं लागतं. ते काढलं की ह्यांच्या मागे फटाक्यांची माळ लावा, मान वळवणार नाहीत. कामावर होते तेव्हा सकाळी आठला घरी यायचे, आंघोळ, चहा-चपाती, आणि नऊ-साडेनऊला आडवे झाले की चारपर्यंत झोप.

आणि ती झोप राखायची कुणी? मी. खिडकीला जुनी निळी चादर, बेलची वायर काढलेली, दारावर माझ्या हातची पाटी: ‘आत रात्रपाळीचा माणूस झोपला आहे. दार वाजवू नये.’ कुकरच्या शिट्ट्या हे यायच्या आत उरकलेल्या. आमची क्षितिजा लहानपणी पाढे नुसते ओठ हलवून म्हणायची. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून विचारलं, हिला बोलता येतं ना? मासे घेऊन येणारी पालीची सुलू, जिची हाक उत्तनच्या बंदरावर पोचेल, ती आमच्या मजल्यावर आली की टोपली खाली ठेवून नुसत्या बांगड्या वाजवायची. ह्यांचा फोनसुद्धा झोपताना माझ्या ओट्यावर. कुणाचा द्यायचा नि कुणाचा नाही, ते मी ठरवणार. भाईंदरच्या इंद्रलोक भागात, आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा, झोप राखावी तर मनोरमाने. मला त्याचा फार अभिमान होता.

गेल्या वर्षी हे रिटायर झाले. मला वाटलं, आता चार माणसांसारखे रात्री झोपतील. कसलं काय! रात्रभर टक्क डोळे, दिवसभर जांभया. बीपी वाढलं. तोल जाऊन एकदा बाथरूमच्या दारात धडपडले. डॉक्टर म्हणाले, “काका, डोक्यात काहीतरी घेऊन बसलाय. झोप आली नाही तर आज ना उद्या हार्टवर येईल. मन शांत करा.” मी घरी येताना रिक्षात विचारलं, “काय घेऊन बसलाय डोक्यात?” तर म्हणाले, “काही नाही गं.” ह्यांचं असंच. तीस शब्द दिवसाला, त्यातले दहा ‘काही नाही’.

क्षितिजा मिरा रोडला शांती नगरात राहते, ऑफिसला जाते. तिने कुठूनतरी योगनिद्रेचं रेकॉर्डिंग आणलं. ते ऐकायला आपला जुना फोन दिला, आणि कानांवर बसणारे ते मोठे हेडफोन. पहिल्या दिवशी स्पीकरवर लावून दाखवलं. एक बाई बोलते, तोंडात लोण्याचा गोळा असल्यासारखी. हे हॉलमध्ये चटई टाकून आडवे झाले ते नेमके उत्तरेला डोकं करून. मी किंचाळलेच, “अहो, उत्तरेला डोकं मेलेल्या माणसाचं करतात! फिरा आधी!” फिरले. मग ती बाई उजव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट, दुसरं बोट, करत करत सगळ्या अंगावरून फिरली. “तुमचं शरीर जड होतंय,” म्हणाली. मी म्हटलं, आणखी जड व्हायला जागा उरलीय कुठे? क्षितिजाने डोळे वटारले.

शेवटी ती बाई म्हणाली, “आता तुमचा संकल्प मनातल्या मनात तीन वेळा म्हणा. ती गोष्ट झालेलीच आहे, अशा शब्दांत म्हणा. आणि तो कुणालाही सांगू नका.”

तर तो सोमवार. योगनिद्रेला आठवडा झाला होता. एरवी त्या वेळेला मी आतल्या खोलीत दार लावून पडलेली असायची. हे हॉलमध्ये चटईवर, अंगावर पांढरी चादर, कानांवर हेडफोन. कानातलं मशीन डबीत, कारण हेडफोनखाली ते शिट्ट्या मारतं. नीलमबेन समोरच्या फ्लॅटमधली, आमचा डबा परत द्यायला आली होती. डबा रिकामा देऊ नये म्हणून आत खांडवी घातलेली. मी दारात डबा हातात घेतला आणि आतून आवाज आला. पुटपुटणं नाही हां. प्रेसच्या दणदणाटात पलीकडच्या माणसाला हाक मारायची सवय असलेल्याचा आवाज.

“मी मनोरमाला माफ केलं आहे.”

डबा हातातून सुटला असता. नीलमबेनने धरला.

“मी मनोरमाला माफ केलं आहे. मी मनोरमाला माफ केलं आहे.”

हा माणूस मला ‘अगं’ नि ‘ऐकलंस का’ यापलीकडे हाक मारत नाही. माझं अख्खं नाव ह्यांच्या तोंडून मी लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा ऐकलं, आणि ते असं! ह्यांना वाटत होतं, आपण मनात म्हणतोय. कान बंद असले की माणसाला आपला आवाज कळत नाही.

“आंटी,” नीलमबेन डोळे विस्फारून म्हणाली, “अंकलने माफ केला? तुम्ही काय केला?”

“मी? मी काही नाही केलं!” मी इतकी ओरडले की वरच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. हे मात्र चादरीखाली तस्से.

ती गेली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चोर तो चोर आणि वर शिरजोर! एकतीस वर्षं मी माझ्याच घरात चोरपावलांनी चालले, सणाला कधी मोठ्याने आरती म्हटली नाही, आणि माफ कोण करतंय? हे! मी तडक क्षितिजाला फोन लावला.

“आई, अजिबात विचारायचं नाही,” ती म्हणाली. “संकल्प कुणाला विचारत नाहीत. आणि मोठ्याने बोलतात हे त्यांना कळता कामा नये. लाजतील आणि सगळं सोडून देतील. परवापासून जरा डोळा लागतोय म्हणाले ना? मग?”

“अगं पण मी केलंय काय?”

“ते तुलाच ठाऊक,” म्हणाली कार्टी, आणि मीटिंग आहे सांगून फोन ठेवला.

मला रात्री जेवण गेलं नाही. राग होता तोवर बरं होतं. राग ओसरला तसं लक्षात आलं की डॉक्टर म्हणाले होते ते ‘डोक्यात घेऊन बसलेलं’ म्हणजे मी. ह्यांची झोप ज्याने खाल्ली, ज्याने एक दिवस हार्टवर येणार होतं, ते माझंच काहीतरी होतं. आणि मला ते माहीतच नव्हतं. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी आठवून आठवून बघितलं, कुठे खवखवत नव्हतं.

मंगळवारी चहाच्या वेळेला मी आडून विचारलं, “माझं कधी काही चुकलं का हो?”

हे मशीन कानात नीट बसवत म्हणाले, “तुझं? तुझं कधी काय चुकतं?”

हे खरं बोलतात की टोमणा मारतात, चौतीस वर्षांत मला कळलेलं नाही. मग मी मनाशी म्हटलं, आपणच कबूल करून टाकावं. एकेक बाहेर काढू, त्यातलं लागेल ते लागेल.

“तुमचा तो लाल रेडिओ,” मी म्हटलं, “चोरीला नव्हता गेला. मी भंगारात दिला होता.”

ह्यांचा कप बशीवर आदळला. “काय? तू दिलास? आणि मी वॉचमनवर संशय घेतला होता! दोन वर्षं त्याच्याशी बोललो नाही मी!”

घ्या! म्हणजे ते नव्हतंच. फुकट फासावर चढले मी. तरी दम खाल्ला आणि दुसरं काढलं. “आणि ते तुमचे मित्र पंढरीनाथ. एकदा दुपारी आले होते, मी दारातूनच परत पाठवलं. म्हणून ते परत आले नाहीत.”

यावर हे चक्क हसले. “तो सगळीकडे सांगत फिरायचा, दशरथच्या दारावर वहिनींचा पहारा आहे, यमालाही चिठ्ठी ठेवून जावं लागेल.” हसता हसता थांबले, आणि कपातल्या सायीकडे बघत बसले. मला तेव्हा कळायला हवं होतं. नाही कळलं.

दुपारी परत तेच. अंगठा, पहिलं बोट, दुसरं बोट, आणि मग तीन वेळा माफी. बुधवारीही. ऐकता ऐकता माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आणि मी हातातलं लाटणं ठेवून खाली बसले. ज्याने खरंच माफ केलंय, तो रोज कशाला म्हणेल? रोज म्हणावं लागतंय, म्हणजे होत नाहीये. हा माणूस रोज दुपारी जिवाच्या आकांताने मला माफ करायला बघतोय, आणि त्याला जमत नाहीये.

मग मात्र मी गावी जावेला फोन लावला. शेवंती म्हणजे माझ्या धाकट्या दिराची, दत्तारामची बायको. संगमेश्वरजवळ आमचं घर आहे, तिथे ती दोघं असतात. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “काय गं, ह्यांनी माझ्याबद्दल तुला कधी काही बोलून दाखवलं होतं का?”

 पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“वहिनी,” ती म्हणाली, “मी तेव्हा सांगायला नको होतं. मला काय ठाऊक तुम्ही सांगितलं नसेल ते.”

“काय सांगायला नको होतं?”

“आईंच्या तेराव्याला भावोजींनी विचारलं, आई शेवटची कुणाशी बोलली? मी म्हटलं, तुमच्याच फोनवर तर बोलल्या, वहिनींशी. साडेअकराला मीच नंबर लावून दिला होता आणि मागल्या दारी पाणी तापवायला गेले. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. भावोजी उठून नुसते विहिरीकडे गेले.”

मी फोन ठेवला की तोच बंद झाला, आठवत नाही. ओट्याला धरून उभी होते. 

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. होळीला आठ दिवस होते. हे झोपले होते, मी ओट्याशी वाल सोलत होते, आणि ह्यांचा फोन थरथरला. सासूबाई होत्या. “दशा आहे काय गो? वायच बोलायचं होतं.” मी म्हटलं, “आई, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. चारला उठले की करायला सांगते.” आणखी दोन वाक्यं झाली आणि ठेवला. अडीचला दत्ताराम भावोजींचा फोन. आई गेल्या. जेवून माजघरात लवंडल्या त्या उठल्याच नाहीत.

तेव्हा मी ह्यांना उठवलं. आणि साडेअकराचं बोलले नाही. कुठल्या तोंडाने बोलणार? हे भिंतीला डोकं टेकून रडत होते, म्हणत होते, “निदान आवाज तरी ऐकला असता.” आणि मी शेजारी उभी राहून पाठीवरून हात फिरवत होते. नंतर स्वयंपाकघरात जाऊन फोनवरचा तो कॉल पुसून टाकला. हो, पुसला. ह्याच हातांनी पुसला. आणि मग वर्षावर वर्षं अशी गेली की मीच स्वतःला पटवलं, असा काही फोन आलाच नव्हता. खवखवेल कुठून? मी घसाच कापून टाकला होता.

तेव्हा ह्यांचे कान अजून चांगले होते हो. फोनवर आईचा आवाज अगदी नीट ऐकू आला असता.

आणि ह्यांना माहीत होतं. अकरा वर्षं! अकरा वर्षं हा माणूस सगळं माहीत असून माझ्या हातचं जेवला. मी दारावरची पाटी पुन्हा पुन्हा नव्याने लिहायची, आणि हे तिच्याखालून आत येऊन झोपायचे. कधी एका शब्दाने म्हणाले नाहीत की बाई गं, तू माझ्या आईचा फोन दिला नाहीस. तोवर दमून झोप लागत होती. काम सुटलं, दमणं सुटलं, आणि मग ते सगळं रात्रीचं येऊन बसायला लागलं असणार. एक हाक मारली असती, शिव्या दिल्या असत्या, ताट भिरकावलं असतं तर मला सोसलं असतं. हे गप्प राहणं नाही सोसत.

मी ठरवलं, आज सांगायचं. गुरुवारी सकाळी तोंड उघडलं आणि म्हटलं, “भाजी कुठली करू?” शुक्रवारी उघडलं आणि म्हटलं, “गॅसवाल्याला फोन करा.” मी! जिला सोसायटीच्या मीटिंगला पुरुष घाबरतात, ती! आणि दुपारी सव्वातीन झाले की हॉलमधून तेच. आधी मला वाटायचं, कशाबद्दल माफ करताय? आता वाटत होतं, नका करू हो, मी अजून मागितलेलीसुद्धा नाही.

शनिवारी हे नेहमीसारखे चटईवर गेले. संकल्प झाला, तीन वेळा, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा. मी पदर तोंडात धरून उभी होते. आणि मग पंधराएक मिनिटांनी हॉलमधून घोरणं ऐकू आलं. खरं, पोटातून येणारं घोरणं, रात्रपाळीच्या दिवसांतलं. वर्षभरात पहिल्यांदा. मी जाऊन बघितलं. हेडफोन एका कानावरून घसरलेले, तोंड उघडं, कपाळावरची आठी गेलेली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आपसूक मी टाचा उचलून चालायला लागले. खिडकीचा पडदा ओढला. बेलची वायर काढायला हातसुद्धा गेला.

आणि ओट्यावर ह्यांचा फोन थरथरला.

जुनी सवय, झडप घालून उचलला. दत्ताराम भावोजी.

“वहिनी, दादा हाय काय?”

“झोपलेत,” मी कुजबुजले. “आत्ताच लागलीय झोप.”

“मग ऱ्हाऊ दे. काय काम नाय तसं. निजू दे त्याला.”

ते शब्द मी आधीही एकदा ऐकले होते. तोच ओटा, तोच फोन. मी फोन कानाला लावून उभी आणि पलीकडे भावोजी ठेवायला निघाले.

“ठेवू नका!” मी ओरडले. “भावोजी, ठेवू नका! धरा!”

धावत हॉलमध्ये गेले आणि ह्यांना गदागदा हलवलं. “उठा! अहो उठा! फोन आहे!”

हे दचकून उठून बसले. चादर गळ्यात, डोळे पांढरे. “कोण गेलं?” म्हणाले. पहिला शब्द तोच. 

“कोणी नाही! भावोजी आहेत! बोला!” मी हेडफोन ओढून काढले, फोन स्पीकरवर टाकून ह्यांच्या कानाशी धरला. कानात मशीन नाही. भावोजी तिकडून बोंबलतायत, हे इकडून.

“काय? पंप? कसला पंप?”

“पंपाचं वॉरंटी कार्ड! दादा, तू मे महिन्यात ठेवलंस कुठं?”

“पत्र्याच्या डब्यात! देवघराच्या वर! डब्यात!”

संपला फोन. ह्यांनी तो खाली ठेवला, मनगटावरचं घड्याळ बघितलं, घसरलेल्या चटईकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. “पंपाच्या कार्डासाठी उठवलंस? तू? मला?” रागावले नव्हते. त्यांना कळतच नव्हतं.

मग माझं धरण फुटलं. मी तिथेच फरशीवर बसले आणि म्हटलं, “त्या दिवशी साडेअकराला आईंचा फोन आला होता.”

“काय?”

“आईंचा फोन आला होता! मी तुम्हाला उठवलं नाही!”

“मोठ्याने बोल, मशीन नाहीये.”

कप्पाळ माझं! अकरा वर्षं जे घशाखाली दाबलं, ते आता बोंबलून सांगायचं होतं. मी सांगितलं. “आईंचा फोन आला होता! मी तुम्हाला उठवलं नाही! आणि तुमच्यापासून लपवलं! मी कॉल पुसला!” समोरचं दार उघडल्याचा आवाज आला. नीलमबेन असणार. असू दे. ह्यांची माफी ऐकलीय तिने, माझा गुन्हाही ऐकू दे.

ह्यांनी कानामागे धरलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, “तुला कोणी सांगितलं मला माहितीये म्हणून?”

“तुम्हीच सांगता! रोज दुपारी! ते मनातल्या मनात म्हणायचं असतं ना, ते तुम्ही ओरडून म्हणता! अख्ख्या मजल्याला ठाऊक आहे तुम्ही मला माफ केलंय!”

“मोठ्याने?” ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कानाच्या पाळ्या लाल. “रोज?”

“रोज!”

मला वाटलं, आता उठून जातील, त्या दिवशी विहिरीकडे गेले तसे. पण हे उठले नाहीत. हात लांब करून टीपॉयवरची डबी घेतली, उघडली. एक मशीन उजव्या कानात घातलं, एक डाव्या. दोन्ही सावकाश दाबून बसवली. मग माझ्याकडे सरकले, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतके.

“आता हळू सांग,” म्हणाले. “काय म्हणाली आई?”

 तीन दिवस मी विचार करत होते की हे काय विचारतील. का नाही उठवलंस, का लपवलंस, तुझी हिंमत कशी झाली. ह्यांतलं काही नाही. अकरा वर्षं हा माणूस एवढ्यासाठी तळमळत होता. त्या फोनवर आई काय बोलली ते जगात एकट्या मला ठाऊक होतं, आणि विचारायचं तर मला खोटारडी ठरवावं लागणार होतं, म्हणून ह्यांनी विचारलं नाही. मी मेलीने सासूचं शेवटचं बोलणं डाळीच्या डब्यात टाकून वर झाकण लावलं होतं.

“विचारलं, दशा आहे काय गो,” मी म्हटलं. “मी म्हटलं, आत्ताच डोळा लागलाय. तर म्हणाल्या,” माझा आवाज फुटला, “म्हणाल्या, काय काम नाही गो, निजू दे त्याला. रातभर राबतोय माझा पोर. पोटभर निजू दे.”

ह्यांनी चादरीचं टोक मुठीत घेतलं.

“देवाशपथ,” मी म्हटलं. “स्वतःला वाचवायला सांगत नाहीये. तसं वाटेल म्हणूनच तर कधी सांगता आलं नाही. मग विचारलं, कुळथाचं पीठ संपलं काय, पाठवते. मी म्हटलं, आहे अजून. आणि ठेवला.”

“कुळथाचं पीठ,” हे म्हणाले.  एकसष्ट वर्षांचा माणूस चटईवर मांडी घालून, चादरीत तोंड खुपसून हुंदके देऊन रडला, आणि मी त्यांना धरून रडले. दारात नीलमबेन उभी होती, तीही डोळे पुसत होती. तिला काय कळलं देव जाणे. तिने हळूच दार ओढून घेतलं.

बऱ्याच वेळाने हे म्हणाले, “परत सांग.” मी परत सांगितलं. “तिच्यासारखं सांग.” मी सासूबाईंसारखं हेल काढून सांगितलं. मी त्यांची नक्कल छान करायचे, नवी सून असताना त्यावरून बोलणीही खाल्ली होती. तिसऱ्यांदा सांगता सांगता बघितलं तर ह्यांची मान कलली होती. मी उशी सरकवली. हेडफोन नाही, बाई नाही, अंगठा-बोटं काही नाही. कानांतली मशीन तशीच.

दिवेलागण झाली. तिन्हीसांजेला झोपू नये म्हणतात, आणि मी आजवर कुणाला झोपू दिलेलं नाही. देवापुढे दिवा लावला, घंटा नाही वाजवली. मग ह्यांचा फोन ओट्यावरून उचलला, आवाज पूर्ण मोठा केला, आणि ह्यांच्या उशाशी नेऊन ठेवला. शेजारी बसून राहिले. वाजला तर मी उठवणार होते, कुणाचाही असू दे.